सर्व्हरची सिस्टिम बदलली आणि बॅकअपचं यंत्र दिसेना : कुठून शोधायला सुरुवात करावी?



आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण ज्या शाळेत संगणकावर निकाल, दाखले आणि जनरल रजिस्टर ठेवलं जातं, त्या प्रत्येक शाळेला तो कधी ना कधी भेटणारच. आधी आमच्या शाळेत काय झालं ते सांगतो. त्यातून शिकलेल्या गोष्टी नंतर क्रमाने मांडतो.

आमची शाळा बोईसरच्या बाजूची, जुनी. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शाळेच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. आधी विंडोज सर्व्हर २००३ होती. मायक्रोसॉफ्टने तिचा आधार १४ जुलै २०१५ ला बंद केला होता, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणंच थांबलं होतं. नवीन परवान्यासाठी पैसे नव्हते, म्हणून लिनक्स टाकायचं ठरलं. सर्व्हर तरी कुठला? औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने नवीन यंत्रं घेतली, तेव्हा जुना सर्व्हर आम्हाला दिलेला. त्याच्यासोबत एक टेप ड्राइव्हही आली होती. कॅसेटसारख्या चुंबकीय फितीवर ती माहिती साठवते. नवीन हार्ड डिस्क बसवली, लिनक्स टाकलं, निकालाचा प्रोग्रॅम चालू झाला. आम्ही खूश.

सुट्टी संपल्यावर विक्रमगडकडचे एक पालक आले. मुलगी बारावी सायन्सला, जातपडताळणीची फाइल तयार करायची होती. मुलीचे पणजोबा आमच्या शाळेत शिकलेले, त्यांच्या नावाचा जनरल रजिस्टरचा उतारा हवा होता. तुम्हाला माहीत आहेच की, अनुसूचित जमातीच्या दाव्यात ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला फार वजन असतं. (अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा बघतात.) आमच्या त्या जुन्या रजिस्टरची काही पानं वाळवीने खाल्लेली. नशिबाने त्याआधी सगळं रजिस्टर स्कॅन केलेलं होतं. ते स्कॅन कुठे होते? डिस्कवर जागा कमी पडते म्हणून टेपवर हलवलेले. फक्त टेपवर!

टेप ड्राइव्ह चालू केली. हिरवा दिवा लागला. सर्व्हर म्हणाला, असं कुठलंही यंत्र इथे नाही.

आधी समजून घ्या : यंत्र मुकं झालेलं नसतं

पालघर जिल्ह्यात शिकवणाऱ्यांना हे उदाहरण पटकन कळेल. पहिलीत आलेलं मूल घरी वारली बोलतं, बाई प्रमाण मराठी बोलतात. वर्गात एक जुने गुरुजी असे असतात की ज्यांना दोन्ही भाषा येतात. ते मधे असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. गुरुजींची बदली झाली की बाईंना वाटतं, मूल बोलतच नाही. मूल मुकं झालेलं नसतं, फक्त मधला दुभाषी गेलेला असतो.

संगणकात हे दुभाष्याचं काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. टेप ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, रेड कार्ड, प्रिंटर या प्रत्येकाची बोली वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिमला ती आपोआप येत नाही. तुम्ही सिस्टिम बदलता तेव्हा जुन्या सिस्टिममधले सगळे दुभाषी एका दमात जातात. नव्या सिस्टिमकडे स्वतःचे दुभाषी असतात. बहुतेक यंत्रांसाठी ते पुरतात, एखाद्यासाठी मात्र नसतात.

पण ड्रायव्हर हे अनेक कारणांपैकी एक कारण झालं. आमची पहिली चूक इथेच झाली. ‘सिस्टिम बदलल्यावर बंद पडलं, म्हणजे सिस्टिममुळेच बंद पडलं’ असं धरून आम्ही दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसलो. विज्ञानाच्या तासाला आपणच मुलांना सांगतो की, एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून ती दुसरीमुळे घडली असं होत नाही. स्वतःवर वेळ आली की विसरतो.

गाडी कुठल्या स्टेशनावर अडकली?

विरारहून डहाणूची लोकल वेळेवर आली नाही तर आपण काय करतो? बोईसरला उभं राहून फोन लावतो : पालघर सोडली का? सोडली असेल तर ती पालघर आणि बोईसरच्या मधे आहे, उमरोळीच्या आसपास. सोडली नसेल तर अडचण आणखी मागे. सगळा रेल्वेमार्ग तपासायची गरज नसते.

बॅकअपच्या यंत्राचंही तसंच. यंत्रापासून तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत निरोप जाताना मधे ठरावीक स्टेशनं आहेत :

१. वीज आणि केबल
२. सर्व्हरचं बायोस किंवा कार्डाचं स्वतःचं बायोस
३. ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड किंवा पोर्ट दिसणं
४. ड्रायव्हर
५. यंत्राला मिळणारं नाव किंवा अक्षर
६. वापरणाऱ्याची परवानगी
७. बॅकअपचा प्रोग्रॅम
८. टेपवर किंवा डिस्कवर लिहिलेल्या माहितीची मांडणी, म्हणजे फॉरमॅट

निरोप कुठपर्यंत पोचतो ते बघायचं. जिथे तुटतो तिथेच हात घालायचा.

स्टेशन १ : वीज आणि केबल

हसू नका, सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात. सिस्टिम बदलताना सर्व्हर हलवला जातो, धूळ झाडली जाते, केबल काढून परत लावल्या जातात. आपल्या किनारपट्टीवर खारी, दमट हवा असते, त्यामुळे धातूच्या पिनांवर थर चढतो. केबल काढून, पिना कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवा.

यूएसबीवर चालणारी छोटी हार्ड डिस्क असेल तर ती वीजही त्याच पोर्टमधून घेते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. लांब एक्स्टेन्शन केबल किंवा स्वस्तातला हब मधे असेल तर तेवढीही पोचत नाही. दिवा लागतो, पण डिस्क फिरत नाही, किंवा ‘टक टक’ आवाज करते. थेट सर्व्हरच्या मागच्या पोर्टला लावून बघा.

जुनी स्कझी पद्धतीची टेप ड्राइव्ह असेल तर दोन नियम पाळा. ड्राइव्ह आधी चालू करायची आणि सर्व्हर नंतर, कारण कार्ड सुरू होतानाच हजेरी घेतं. दुसरं म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर नावाचा छोटा ठोकळा लावावा लागतो. तो नसेल तर केबलच्या टोकावरून सिग्नल उलटा परततो आणि सगळा गोंधळ होतो. भिंतीवर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीसारखंच हे.

स्टेशन २ : सिस्टिम सुरू व्हायच्या आधी काय दिसतं?

ही पायरी सोन्यासारखी आहे, आणि आम्ही तीच गाळली होती.

सर्व्हर चालू केल्यावर विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर काही ओळी धावतात. स्कझी किंवा रेड कार्ड असेल तर ते आपली ओळख सांगतं आणि जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवतं. त्या यादीत तुमची टेप ड्राइव्ह नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ती अजून जागीच झालेली नाही! दोष वीज, केबल, कार्ड किंवा बायोसमधल्या सेटिंगमध्ये आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही पडद्यासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढला आणि ओळी सावकाश वाचल्या. कार्डाचं नाव होतं, हार्ड डिस्क होती, टेप नव्हती. मग मागे जाऊन पाहिलं. ड्राइव्हच्या एका बाजूचा टर्मिनेटर गायब. सुट्टीत साफसफाई करताना ‘हे कशाला लागतं?’ म्हणून कुणीतरी काढून ठेवला होता. शिपाई मामांनी प्रयोगशाळेच्या खणातून तो शोधून दिला. लावला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. टेप यादीत आली. दोन दिवस आम्ही ज्या लिनक्सला बोल लावत होतो, त्याचा यात काहीही दोष नव्हता.

(नवीन सर्व्हरवर या ओळी दिसत नसतील तर बायोसमध्ये ‘क्विक बूट’ बंद करून बघा. यूएसबी पोर्ट बायोसमधूनच बंद केलेलं असतं, तेही तिथेच कळतं.)

स्टेशन ३ आणि ४ : कार्ड आणि ड्रायव्हर

आता ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत येऊ.

*विंडोजमध्ये* डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण असलेली किंवा ‘अदर डिव्हाइसेस’खाली पडलेली नोंद शोधा. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ असतात. त्यात कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक अशा दोन खुणा असतात. इंटेलचा क्रमांक गमतीशीर आहे : ८०८६, म्हणजे त्यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध चिपचं नाव. हे दोन क्रमांक मिळाले की यंत्र नेमकं कोणाचं ते कळतं, मग ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ सांगणारे प्रोग्रॅम शाळेच्या सर्व्हरवर कधीही टाकू नका.

इथे एक सापळा आहे. विंडोज सर्व्हर २००८ आर-२ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या फक्त ६४ बिटच्या आहेत. जुन्या सीडीवरचा ३२ बिटचा ड्रायव्हर त्यांच्यावर चालतच नाही. शिवाय ६४ बिट विंडोजला ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. म्हणून ‘सीडी आहे, पण ड्रायव्हर बसत नाही’ अशी तक्रार येते.

*लिनक्समध्ये* बहुतेक ड्रायव्हर आधीपासून आत असतात. काही कमांड सांगतो. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहा. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड सर्व्हरमधल्या कार्डांची यादी देते. ‘एलएसयूएसबी’ यूएसबीला जोडलेल्या वस्तू दाखवते. ‘एलएसबीएलके’ डिस्क आणि त्यांचे भाग दाखवते. ‘एलएसस्कझी’ (शेवटची चार अक्षरं एस-सी-एस-आय) टेप ड्राइव्हसकट सगळं दाखवते, पण काही ठिकाणी ती वेगळी बसवावी लागते. ‘डीएमईएसजी’ ही कमांड म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. यंत्र लावा आणि लगेच ही रोजनिशी वाचा. शेवटच्या ओळींत यंत्राचं नाव आलं तर ते दिसलं. चुका आल्या तर केबलकडे परत जा. काहीच आलं नाही तर निरोप पोचलाच नाही.

लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांमध्येही जुनी कार्डं वगळली जातात. उदाहरणार्थ, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीने बऱ्याच जुन्या स्टोरेज कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. म्हणजे सातव्यावर चालणारं कार्ड आठव्यावर दिसेनासं होऊ शकतं. दान मिळालेल्या जुन्या सर्व्हरसाठी सिस्टिम निवडताना हे आधी बघायला हवं.

आणखी एक : टेप ड्राइव्ह रेड कार्डाला जोडलेली असेल तर अनेक रेड कार्डं ती पुढे दाखवतच नाहीत. टेपसाठी वेगळं साधं कार्ड लागतं.

स्टेशन ५ आणि ६ : नाव आणि परवानगी

कधी यंत्र दिसत असतं, पण आपण चुकीच्या जागी शोधत असतो.

विंडोजमध्ये ‘धिस पीसी’त डिस्क नाही म्हणजे डिस्क नाहीच असं नव्हे. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती ‘ऑफलाइन’ असेल, किंवा तिला अक्षर मिळालेलं नसेल. विंडोज सर्व्हर बॅकअपला पूर्ण डिस्क देऊन टाकली असेल तर तो प्रोग्रॅम ती मुद्दामच लपवतो, अक्षर देत नाही. हा दोष नाही, ती सोय आहे.

लिनक्समध्ये डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरं नसतात. डिस्क दिसली तरी ती एखाद्या फोल्डरला जोडावी लागते, त्याला ‘माउंट’ करणं म्हणतात. टेपला ‘एसटी-शून्य’ आणि ‘एनएसटी-शून्य’ अशी दोन नावं मिळतात. पहिल्या नावाने काम केलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्याने केलं तर आहे तिथेच थांबते. एकामागून एक बॅकअप लिहिताना चुकून पहिलं नाव वापरलं तर आधीचा बॅकअप पुसला जातो. लक्षात ठेवा.

परवानगीचं म्हणाल तर उबुंटू आणि डेबियनमध्ये टेपला हात लावायचा हक्क प्रशासकाला आणि ‘टेप’ नावाच्या गटाला असतो. आमच्या लिपिक मॅडमच्या खात्यावरून टेप उघडेना, प्रशासकाच्या खात्यावरून मात्र उघडली. मॅडमचं खातं त्या गटात घातलं, प्रश्न सुटला.

स्टेशन ७ आणि ८ : यंत्र दिसलं, पण वाचता येईना

आमचा खरा घाम इथे निघाला. ड्राइव्ह दिसली, टेप फिरली, आणि लिनक्सने सांगितलं, यातलं मला काही कळत नाही.

कारण साधं होतं. टेपा विंडोज २००३ मधल्या ‘एनटी-बॅकअप’ने लिहिलेल्या. तो प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या टेप-मांडणीत लिहितो. लिनक्सचा ‘टार’ वेगळ्या मांडणीत लिहितो आणि वाचतो. वही उघडली तरी लिपी मोडी असेल तर देवनागरी येणाऱ्याला ती वाचता येत नाही, तसं. विंडोजमध्येच राहिलो असतो तरी सुटलो नसतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून सिस्टिमसोबत येणारा बॅकअपचा प्रोग्रॅम टेपवर लिहीतही नाही आणि वाचतही नाही.

आम्हाला वाचवलं ते एका जुन्या सवयीने. सिस्टिम बदलताना जुन्या डिस्कवर नवीन सिस्टिम टाकली नव्हती. जुनी डिस्क काढून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली होती. नेटवर्कची केबल काढली, ती डिस्क परत बसवली, विंडोज २००३ सुरू केलं, टेपांवरची सगळी स्कॅन केलेली पानं साध्या फाइलींच्या रूपात उतरवून घेतली आणि दोन बाहेरच्या डिस्कवर ठेवली. पणजोबांच्या नावाचं पान सापडलं. त्या पालकांना उतारा दिला तेव्हा त्यांना आमचे ते पाच दिवस माहीत नव्हते. आम्ही सांगितलेही नाहीत.

साध्या डिस्कच्या बाबतीत मांडणीचे प्रकार असे :

• विंडोजची एनटीएफएस डिस्क आजचं लिनक्स वाचतं. पण विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ने अर्धवट झोपलेलं असेल तर लिनक्स ती फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. ती विंडोजवर लावून पूर्ण ‘शट डाउन’ करा.
• एक्सफॅट डिस्क २०१९ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स कर्नल ५.४ पासून थेट चालते.
• लिनक्सची ईएक्सटी-४ डिस्क विंडोजला लावली तर विंडोज म्हणतं, ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा.’ करू नका. डिस्क बिघडलेली नाही, विंडोजला ती लिपी येत नाही एवढंच.
• बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती त्याच सर्व्हरवरच्या फाइलीत ठेवली असेल, तर चावी तिजोरीच्या आत ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं.

टेपच्या पिढ्यांचंही गणित असतं. एलटीओ प्रकारच्या ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचतात, आठवी पिढी फक्त एकच मागची वाचते. नवीन ड्राइव्ह घेतली म्हणजे जुन्या टेपा वाचता येतीलच असं नाही.

तीन बटणं ज्यांच्यापासून हात लांब ठेवा

घाबरलेला माणूस दिसेल त्या बटणावर ‘ओके’ करतो. म्हणून हे ठळक लिहितो.

१. फॉरमॅट : डिस्कवर काय आहे ते नक्की कळेपर्यंत नाही.
२. इनिशियलाइझ : डिस्क मॅनेजमेंट किंवा रेड कार्ड हा प्रश्न विचारतं. नवी कोरी डिस्क असेल तरच ‘हो’.
३. इरेज किंवा लेबल टेप : बॅकअपचा नवीन प्रोग्रॅम अनोळखी टेपला ‘रिकामी’ समजून हे सुचवतो. टेपच्या डब्यावरची राइट-प्रोटेक्टची खिट्टी आधी सरकवा, मग टेप आत घाला.

यंत्र दिसत नसेल तोवर तुमची माहिती बहुतेक वेळा सुरक्षित असते. ती जाते ती दुरुस्तीच्या घाईत.

पुढच्या वेळी : सिस्टिम बदलण्याआधीची यादी

सगळ्या शाळांना आता हा प्रश्न येणार आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. केरळने सरकारी शाळांमध्ये फार आधीपासून लिनक्स रुजवलं, आपल्याकडेही काही शाळा त्या वाटेने जात आहेत. जाण्याआधी एवढं करा :

• सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव, मॉडेल आणि हार्डवेअर आयडी वहीत लिहा. मागच्या बाजूचे, केबलसकट, फोटो काढा. (आमच्याकडे एक फोटो असता तर टर्मिनेटर पहिल्या तासात सापडला असता.)
• नवीन सिस्टिम पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून बघा. काहीही न पुसता कळतं की कोणतं यंत्र दिसतं आणि कोणतं नाही.
• जुन्या बॅकअपमधली माहिती साध्या फाइलींच्या रूपात आधी बाहेर काढा. पानांसाठी पीडीएफ, तक्त्यांसाठी सीएसव्ही. विशिष्ट प्रोग्रॅमशिवाय न उघडणारा बॅकअप हा एकमेव बॅकअप नको.
• जुनी डिस्क पुसू नका. तारीख घालून किमान एक शैक्षणिक वर्ष जपून ठेवा.
• हे काम निकालाच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत काढू नका.

एकच प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

आमची सगळ्यात मोठी चूक टर्मिनेटरची नव्हती. स्कॅन केलेली पानं डिस्कवरून काढून फक्त टेपवर ठेवली, ही ती चूक. टेपला आम्ही ‘बॅकअप’ म्हणत होतो, पण ती एकमेव प्रत होती.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. शेवटचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने आपला किनारा झोडपला. पावसाळ्यात वीज जाणं-येणं तर रोजचं. बोईसरच्या शाळेची एक प्रत दोन स्टेशनं पलीकडे पालघरला, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत कुलपात ठेवायला खर्च किती? एका डिस्कचा आणि लोकलच्या तिकिटाचा.

मात्र या डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पत्ते असतात. ती पासवर्डने कुलूपबंद करा, दुरुस्तीच्या दुकानात तशीच देऊ नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. आणि कायद्याच्या आधी आपण त्या मुलांचे शिक्षक आहोत.

टेप जुनाट वाटते, पण तिला हसू नका. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरमधल्या चुकीने जीमेलच्या काही खात्यांमधले मेल नाहीसे झाले. गूगलकडे त्यांच्या अनेक प्रती होत्या, पण त्या चुकीने त्याही गेल्या. शेवटी मेल परत आणले ते कपाटातल्या टेपांवरून, कारण टेप नेटवर्कला जोडलेली नव्हती. आणि १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली चुकून पुसल्या गेल्या, तेव्हा बॅकअप नीट चालतच नव्हता असं उघड झालं. चित्रपट वाचला तो एका सहकारी बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या.

रंगीत तालीम घ्या

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. त्याच्या आसपासच्या गावांत आणीबाणीची रंगीत तालीम होते हे आपल्याला माहीत आहे. संकट आलं नाही तरी तालीम होते, आणि तालमीतच कळतं की भोंगा वाजतो की नाही. बॅकअपचंही तसंच करा. दर सत्राच्या सुरुवातीला एक दिवस ठरवा. बॅकअपमधून कोणतीही एक फाइल, समजा दहा वर्षांपूर्वीचा एक निकाल, दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून बघा. उघडली की वहीत तारीख आणि सही. सिस्टिम बदलली, कार्ड बदललं, नवीन डिस्क घेतली की त्याच दिवशी पुन्हा तालीम.

हे आठवी-नववीच्या मुलांकडूनही करून घेता येतं. एका गटाने पेन ड्राइव्हवर एक फाइल ठेवायची, दुसऱ्या गटाने ती दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संगणकावर उघडायची. उघडली नाही तर वर दिलेली आठ स्टेशनं क्रमाने तपासायची आणि गाडी कुठे अडकली ते फळ्यावर लिहायचं. मुलांना यात फार मजा येते, आणि अंदाज न बांधता तपासून बघायची सवय लागते.

पालकहो, तुमच्या घरीही हेच लागू आहे. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, जुने फोटो एकाच मोबाइलमध्ये किंवा एकाच डिस्कवर असतील तर आज संध्याकाळी दुसरी प्रत करा, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते बघा.

आमच्या त्या टर्मिनेटरवर आता पांढरी चिकटपट्टी आहे. मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘हे काढू नये.’